उसाच्या फडातील धोका : भीती बिबट्याची, बळी सर्पदंशाचे

नोव्हेंबर २०२० च्या अखेरच्या आठवड्यात बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा बळी गेला. पाठोपाठ शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातही माणसे मारली गेली. अखेर १८ डिसेंबर रोजी करमाळ्यातील वांगीच्या शिवारात या बिबट्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. तोवर सायंकाळनंतर शिवारे ओस पडत होती. तो काळ ऐन ऊसतोडणीचा होता.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो स्त्री-पुरुष पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या हद्दीत स्थलांतर करतात. पहाटे अंधारातच फडात उतरायचे, दिवसभर वाकून कोयता चालवायचा आणि रात्री कोपीत जमिनीवर पाठ टेकायची, हा त्यांचा पाच-सहा महिन्यांचा दिनक्रम असतो. बिबट्या आणि साप हे दोन्ही धोके याच दिनक्रमात दडलेले आहेत.

बिबट्या किती धोकादायक?

उसाचा फड बिबट्याला सोयीचा असतो. तेथे दाट आडोसा व पाणी मिळते आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या हे भक्ष्यही जवळच असते. २०२२ च्या गणनेनुसार राज्यात सुमारे १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज आहे. डॉ. विद्या अत्रेय यांनी अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात बिबट्यांच्या आहारात मोठा वाटा कुत्री व पाळीव जनावरांचा असल्याचे आढळले. माणूस हे त्याचे नेहमीचे भक्ष्य नव्हे. मात्र वाकलेला किंवा बसलेला माणूस आणि लहान मूल यांना धोका अधिक असतो. फडातला कामगार दिवसभर वाकलेलाच असतो आणि त्याची मुले बांधावर खेळत असतात. त्यामुळे त्याची भीती निराधार म्हणता येत नाही.

सापाचे आकडे

तरीही बळींचे आकडे वेगळेच चित्र दाखवतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. वर्षाला ही सरासरी ५८ हजार भरते. बिबट्याचे बळी त्या मानाने अत्यल्प आहेत. सर्पदंशाचे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळात होतात. त्या वेळी हाच कामगार गावी परतून शेतात राबत असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप प्रामुख्याने या मृत्यूंना कारणीभूत ठरतात. पैकी मण्यार रात्री फिरते. तिचा दंश अनेकदा दुखत नाही आणि जमिनीवर झोपलेल्याला तो कळतही नाही.

शार्कची तुलना

भीती एकीकडे आणि मृत्यू दुसरीकडे, हा प्रकार जगभर दिसतो. समुद्रात फळीवर लाटा झेलणारे सर्फर शार्कच्या हल्ल्याचा असाच हिशेब मांडतात. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या नोंदींनुसार शार्कने माणसाला स्वतःहून चावण्याच्या घटना जगभरात वर्षाला साधारण ६० ते ७० असतात आणि मृत्यू जेमतेम सहाच्या आसपास. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोरजवळ वैतरणा नदीत शार्कने एका मच्छीमाराच्या पायाचा लचका तोडला. अशी घटना येथे विरळाच.

पहाटे व सायंकाळी पाण्यात उतरू नये, एकट्याने जाऊ नये, गढूळ पाणी टाळावे, असा सल्ला सर्फरना दिला जातो. बिबट्याबाबतचा सल्लाही जवळपास हाच आहे. फरक इतकाच, की सर्फर किनाऱ्यावर थांबू शकतो. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेल्या कामगाराला ती मुभा नसते. उचल फिटेपर्यंत फडात उतरावेच लागते. म्हणून धोका किती, या प्रश्नाइतकाच तो टाळण्याची सोय कोणाला आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भरपाईतील तफावत

बिबट्यासारख्या वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना राज्य शासनाकडून २५ लाख रुपये मिळतात. त्या यादीत साप नाही. सर्पदंशाने शेतकरी दगावल्यास बीडचेच नेते असलेल्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. मात्र ही योजना खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती आहे. सातबारावर नाव नसलेले भूमिहीन कुटुंब तिच्या बाहेर राहते.

काय करता येईल?

उपाय खर्चिक नाहीत. फडात गटाने उतरावे व बॅटरी जवळ ठेवावी. तोडणी सुरू असताना मुलांना फडाच्या कडेला एकटे सोडू नये. पायांत गमबूट घालावेत. पाचट उचलण्यापूर्वी ते काठीने हलवावे. शक्य तेथे खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. बिबट्या दिसल्यास त्याचा पाठलाग न करता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

साप चावल्यास जखम कापू नये, विष चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. चावलेला अवयव न हलवता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविष लस उपलब्ध आहे. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ मात्र जिवावर बेततो.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या कृती आराखड्यात सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. ते गाठायचे, तर लस आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचावी लागेल आणि गमबूट, खाट व प्रकाश कोपीपर्यंत. पिंजरा लावला की बातमी होते. खाट दिल्याची बातमी होत नाही, पण तिने वाचणारे जीव अधिक असू शकतात.