काचेतला ताण

साताऱ्याहून सांगलीकडे रेल्वेने निघालात की कराड स्टेशन लागते. ते खरे म्हणजे ओगलेवाडीला आहे. तिथून पुढे किर्लोस्करवाडी. या दोन्ही वाड्या औंध संस्थानच्या आश्रयाने वसल्या, एक 1910 साली लोखंडाच्या नांगरासाठी, दुसरी 1916 साली काचेसाठी. नांगरावर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून आज काच.

ओगले बंधूंचा 'प्रभाकर' कंदील आमच्या पिढीला सांगायला नको. राखेने काच पुसायची, वात कातरायची, मग अभ्यास. पेटत्या कंदिलावर पावसाचा थेंब उडाला की काच तडकलीच! थेंब पडतो तेवढी जागा एकदम आकसते, शेजारची आकसत नाही, आणि त्या ओढाताणीत काच जाते.

असाच ताण काच घडवतानाही आत राहू शकतो. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो. म्हणून घडवलेली काच दुसऱ्या भट्टीत, साधारण साडेपाचशे अंशांपासून, सावकाश थंड करतात. याला अनुशीतन म्हणतात. कंदिलाचे एवढ्यावर भागते.

भिंगाचे भागत नाही. काच न फुटताही आतल्या ताणाने प्रतिमा बिघडते. आणि हा ताण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो ध्रुवित प्रकाशात, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात अशा प्रकाशात. स्कॉटलंडच्या ब्रूस्टरने हे 1815 च्या सुमारास दाखवले. दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात ठेवले की पलीकडे अंधार होतो. मध्ये ताण नसलेली काच धरा, अंधार तसाच राहतो. ताण असेल तर तिथे उजेड दिसतो. कारण ताणामुळे प्रकाशाचे दोन भाग होतात आणि एक दुसऱ्याच्या मागे पडतो. हे मागे पडणेच मोजायचे. चांगल्या भिंगाच्या काचेत सेंटिमीटरमागे ते दहा नॅनोमीटरच्या आत हवे. त्यासाठी धीर किती धरावा? अमेरिकेत पालोमारच्या दुर्बिणीसाठी 1934 साली ओतलेली 200 इंची चकती थंड करायला सुमारे दहा महिने घेतले.

ओगलेवाडीचा कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली. पण ताण मात्र घरीही बघता येतो. संगणकाच्या सपाट पडद्याचा प्रकाश ध्रुवितच असतो. पडदा पांढरा करून त्यापुढे प्लास्टिकची पारदर्शक पट्टी धरा आणि नातवाचा पोलरॉइड गॉगल डोळ्यांपुढे फिरवून बघा. पट्टीच्या भोकापाशी रंगांची गर्दी दिसेल.