पंगतीचा इतिहास

ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या सहकार्याने पुरा झाला. देवळाच्या बांधकामाविषयी जाणकारांनी लिहिलेच आहे. मी देवळासमोर बसणाऱ्या पंगतीविषयी चार शब्द लिहीत आहे. कारण गावाने अन्नाची आणि माणसाची काय किंमत केली, हे पंगतीवरून कळते.

आपल्या वाडवडिलांचे रोजचे जेवण म्हणजे जोंधळ्याची भाकरी, आमटी, खर्डा व हुलग्याचे माडगे. गहू आणि भात सणावारी. ताटात अन्न टाकणे पाप समजत. ही शिकवण नुसत्या धर्माची नव्हती, दुष्काळाचीही होती. सन १८९६-९७ च्या दुष्काळात राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने उघडली. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो लोक खडी फोडायला गेले. कामावर सुकडी मिळे व रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो. ज्या मिलोला लोक नाक मुरडीत, त्याच्यासाठीच रांगा लागल्या. भुकेपुढे आवडनिवड राहत नाही, हे त्या पिढीने अनुभवले. म्हणून ती पिढी शिळ्या भाकरीचा तुकडाही कपाळाला लावून खाई.

अन्नाविषयीची दुसरी रीत मात्र अभिमानाने सांगण्यासारखी नाही. ज्याने शेतात राबून धान्य पिकविले, त्याच्या हातचे पाणी चालत नसे. गावोगाव पंगती जातवार बसत आणि काहींना उरलेले अन्न आवाराबाहेर मिळे. या रूढीवर घाव घातला तो कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या शाहू महाराजांनीच. गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढण्यास मदत केली आणि तेथे स्वतः चहा घेऊन बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. एका कपाने जे साधले, ते नुसत्या हुकमाने साधले नसते.

काळ पुन्हा बदलला. दूधगंगेच्या पाण्यावर शाळूच्या जागी ऊस आला आणि पुढे काही शिवारावर पंचतारांकित एमआयडीसी उभी राहिली. रेशनकार्डाचे कागद हाताळताना एक गंमत दिसते. एकेकाळी सणाला मिळणारा गहू व तांदूळ आज अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो मिळतो, आणि तोही जानेवारी २०२३ पासून मोफत. उलट गरिबाची ज्वारीची भाकरी आता हॉटेलच्या पाटीवर मानाने झळकते! धान्य तेच, किंमत परिस्थितीने ठरविली.

एमआयडीसीत आज बिहार, उत्तर प्रदेशाकडील कामगार राहतात. ते डाळ-भात व सातू खाणारे. आपला खर्डा त्यांना झेपत नाही. मागील उत्सवात असे तिघेजण महाप्रसादाच्या वेळी कमानीबाहेर उभे होते. आत या, असे त्यांना कोणी म्हटले नाही, मीही नाही. रात्री उरलेली खीर व भात उकिरड्यावर गेला. दोन्ही शिकवणी आपण एकाच दिवशी विसरलो, याची खंत अजून आहे.

देवळाला नवा कळस चढला, ही आनंदाची गोष्ट. आता पंगतीचाही जीर्णोद्धार व्हावा. पानात टाकू नये आणि दारातला माणूस उपाशी परत जाऊ नये, एवढीच देवाच्या चरणी व ग्रामस्थांच्या चरणी प्रार्थना.