सायकलींचं शहर गल्लीत हरवलं

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही किंवा ज्यांचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. आजचा विषय सायकल. पण गिअरची सायकल नाही, फिटनेस नाही, आणि 'शंभर किलोमीटर कशी मारली' हे तर अजिबात नाही. आजचा विषय आहे घरासमोरची गल्ली, आणि त्या गल्लीतून सायकल कधी आणि कशी गेली, याचा इतिहास.

अणदूरमधल्या प्रत्येकाचा एक तरी मित्र पुण्यात असतो. शिकायला, कंपनीत, नाहीतर डिलिव्हरीच्या बाईकवर. या मित्राला कुणीतरी जुना पुणेकर कधीतरी ऐकवतोच की, बाबा रे, हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं. मित्र मान हलवतो आणि सिग्नलला हॉर्न ऐकत उभा राहतो. पुणेकरांच्या बऱ्याच गोष्टी मिठाची चिमूट घेऊनच ऐकाव्यात, पण ही गोष्ट खरी आहे.

पुणं सायकलवर का चालायचं, यात गूढ काही नाही. शहर लहान होतं. पेठांमधून डेक्कनला, डेक्कनवरून कॉलेजला, कॅम्पात नोकरीला, सगळं चार-पाच किलोमीटरच्या आत. हवा बरी. बस कमी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार शिफ्टला सायकलवर जायचे. १९५० च्या दशकात पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढे आणखी कारखाने आले, आणि शिफ्ट सुटली की मुंबई-पुणे रस्त्यावर सायकलींचा लोंढा लागायचा. मास्तर सायकलवर, कारकून सायकलवर, कॉलेजच्या मुली सायकलवर. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळात मुलीनं एकटीनं, कुणाला न विचारता, गावभर फिरायचं सगळ्यात स्वस्त साधन ते होतं.

आणि सायकल म्हणजे फुकटची मजा नव्हती बरं का. तिच्यावर कर होता. कर भरला की बिल्ला मिळायचा, तो सायकलला लावायचा. रात्री दिवा लागायचा, आधी रॉकेलचा, मग डायनॅमोचा. डबलसीट बसवलं की हवालदार शिट्टी मारायचा, आणि मागचा उडी मारून पळायचा. आज ऐकून हसू येतं. पण याचा अर्थ असा की सायकल हे तेव्हा सरकारदरबारी गंभीर वाहन होतं. जिला कर लावतात तिची दखल घेतात, एवढं तरी आपल्याला सातबाऱ्यावरून माहीत आहे.

आता १९७२ सालात येऊ.

मराठवाड्यात बहात्तर म्हटलं की एकच गोष्ट. दुष्काळ. आजी-आजोबांना विचारा, खडी फोडलेले हात दाखवतील. सुकडी खाऊन, उन्हात बसून लाखो लोकांनी दगड फोडला, आणि त्या दगडातून राज्यभर रस्ते झाले. रोजगार हमीची सुरुवातही याच काळातली.

त्याच १९७२ मध्ये बजाजची चेतक स्कूटर बाजारात आली. आणि त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची लुना आली, जिचा कारखाना तेव्हाच्या नगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये होता. लुना म्हणजे जवळजवळ मोटार लावलेली सायकलच, पॅडलसुद्धा होतं तिला. ज्या घरात सायकल होती त्या घरात आधी लुना आणि मग स्कूटर आली. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. यात वाईट काही नव्हतं. दिवसभर राबून आलेल्या माणसाला चढावर पॅडल मारायला सांगणारे आपण कोण?

म्हणून 'स्कूटर आली आणि सायकल मेली' ही सरळ गोष्ट मला पटत नाही. कारण त्याच काळात दुसऱ्या एका देशात गाड्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वाढल्या, आणि तिथे सायकल मेली नाही. तो देश नेदरलँड्स.

आपल्याला वाटतं, हे लोक जन्मतःच सायकलवर बसलेले असतात. तसं नाहीये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही पैसा आला, गाड्या आल्या, जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद झाले आणि सायकल भराभर कमी होत गेली. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं होती. व्हिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी सायकलवरून शाळेत जाताना गाडीखाली गेली. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यानं 'द टाइड' या वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ होता 'बालहत्या थांबवा'. त्याच नावानं चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसायला लागले. पुढच्या वर्षी तेलाचं संकट आलं, सरकारनं काही रविवार गाड्या बंद ठेवल्या, आणि रिकाम्या रस्त्यावर पोरं स्केटिंग करू लागली. लोकांना दिसलं की रस्ता असाही असू शकतो.

इथपर्यंतची गोष्ट यूट्यूबवर सगळीकडे सापडते. मला ज्याचं कौतुक वाटतं ते थोडं बाजूला आहे. डेल्फ्ट नावाच्या गावात १९७० च्या आसपास त्यांनी मोठ्या रस्त्यांआधी राहत्या वस्तीतल्या गल्ल्या हातात घेतल्या. सरळ गल्ली मुद्दाम वाकडी केली. मध्ये झाडाचं आळं, कुठे बाक, फूटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर. गाडी आणायला बंदी नाही, पण ती माणसाच्या चालीनं आणायची. नीक द बूर या नगररचनाकारानं याला नाव दिलं 'वोनएर्फ'. वोन म्हणजे राहणं, एर्फ म्हणजे घरालगतची मोकळी जागा. आपल्या भाषेत सांगायचं तर 'अंगण'. १९७६ मध्ये हे अंगण तिथल्या कायद्यात आलं.

आणि १९७७ मध्ये ग्रोनिंगन शहरानं आणखी पुढची युक्ती केली. शहराच्या मधल्या भागाचे चार तुकडे केले. एका तुकड्यातून दुसऱ्यात गाडीनं थेट जाताच येत नाही, बाहेरच्या रिंगरोडवर जाऊन वळसा घालून यावं लागतं. सायकल मात्र सरळ आरपार जाते. भिंत बांधली नाही, पूल बांधला नाही. एकेरी रस्त्यांच्या पाट्या फिरवल्या, चार खांब ठोकले. व्यापाऱ्यांनी जबरदस्त विरोध केला, तरी योजना टिकली. गाडीचा रस्ता लांब आणि सायकलचा जवळचा झाला, की माणूस भाषण न ऐकता सायकल काढतो.

माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. गल्ली किती रुंद आहे याला फारसं महत्त्व नाही. तिच्यातून आरपार कोण जातं, आणि किती वेगानं, यावर सायकलचं भवितव्य ठरतं. वेगाचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. गाडी तासाला तीस किलोमीटरऐवजी पन्नासनं असेल, तर धडकेतली ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते. गल्लीत पन्नासनं जायला जागा मिळाली की आई मुलीच्या हातात सायकल देत नाही. विषय तिथेच संपतो.

रुंदीनं काही होत नाही याचा पुरावा हवा असेल तर आपल्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. आपल्याकडचं सास्तूर आठवा. जुन्या गावात दाटीवाटीच्या वाकड्या गल्ल्या होत्या, नव्या गावात पट्टीनं आखलेले काटकोनी रुंद रस्ते आले. दगडमातीच्या भिंतींखाली माणसं मेली होती, त्यामुळे मोकळ्या जागेची भीतीपोटीची ओढ समजण्यासारखी होती. घरंही जमिनीच्या हिशेबानं मिळाली: २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फूट. पण गाव कितीतरी पट पसरलं. जिथे हाक मारली की शेजारीण यायची, तिथे चालत जायला लागलं. रस्ता रुंद झाला आणि ओसरीवरून ओसरीशी होणारं बोलणं कमी झालं. सायकलला लागतं जवळचं अंतर आणि शांत वाट. नकाशात यातलं काहीच मोजलेलं नव्हतं, मोजली होती ती रुंदी.

आता परत पुण्यात. तिथे काय झालं? पेठांच्या गल्ल्या अरुंद होत्या, बोळ होते, वळणं होती. म्हणजे डेल्फ्टनं पैसे खर्चून जे केलं, ते पुण्याला पेशवाईपासून फुकटात मिळालं होतं! पण १९६६ आणि १९८७ च्या विकास आराखड्यांमध्ये रस्तारुंदीच्या रेषा आल्या. नव्या वस्त्यांमध्ये 'डीपी रोड' हा शब्द इतका रुळला की ते रस्त्याचं नावच झालं. मुख्य रस्ता तुंबला की दुचाकीवाले आतल्या गल्लीतून शॉर्टकट काढायला लागले. गल्ली ही राहायची जागा होती, ती जायची जागा झाली. कुणी ठरवून केलं नाही हे. कुणी अडवलंही नाही.

मग पालिकेला सायकल आठवली. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आली आणि तिच्या बाजूनं सायकल ट्रॅक आले. पुण्यात राहिलात तर हे ट्रॅक तुम्ही पाहिले असतील, म्हणजे ओळखले असतील असं नाही. मध्येच झाड, मध्येच विजेचा डीपी, मग पार्क केलेल्या बाईक, मग भेळेची गाडी, आणि चौक आला की ट्रॅक गायब. चौकातच तर सायकलवाल्याला सगळ्यात जास्त धोका असतो. नदीवर पूल बांधताना मधला गाळा सोडून द्यावा, तसला प्रकार.

२०१७ मध्ये मात्र काम गांभीर्यानं झालं. महापालिकेनं सर्वंकष सायकल आराखडा करून घेतला, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वसाधारण सभेनं तो मंजूर केला. ८२४ किलोमीटरचं जाळं, सुमारे ३३५ कोटींचा खर्च. त्याच महिन्यात औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या. मोबाईलवर कोड स्कॅन करा, सायकल उघडा, कुठेही सोडा. पुढच्या वर्षी ओफोच्या पिवळ्या, मोबाइकच्या केशरी. काही महिने शहर रंगीत झालं होतं. मग कुणी कुलपं फोडली, कुणी सायकल स्वतःच्या सोसायटीत लपवून ठेवली, ओफो देशातूनच गेली, आणि २०२० येईपर्यंत हा रंग जवळपास उतरला होता. तेव्हा पेपरात सगळा राग 'आपल्या लोकांना शिस्त नाही' यावर निघाला. चोरी झाली हे खरंच. पण रस्ता जुनाच ठेवून त्यावर नवी सायकल सोडली, तर घाबरून चालवणारा दुसऱ्यांदा कोड स्कॅन करत नाही, हेही तितकंच खरं.

हे ऐकताना मला आपल्याकडच्या मुली आठवतात. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. योजना उत्तम आहे, सायकलीमुळे शाळा सुटता सुटता राहिलेल्या मुली आहेत. सायकल मिळते ती शाळेच्या अंतरासाठी. ते अंतर मात्र ट्रक, ऊसाचे ट्रॅक्टर आणि एसटीसोबत कापायचं असतं. आपलं गाव तर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर. महामार्ग आपल्या हातात नाही, त्याची फाईल दिल्लीत असते.

गावातली गल्ली मात्र आपल्या हातात आहे, आणि तिच्यात आत्ता काय चाललंय ते बघा. मातीची गल्ली होती तोवर खड्डे वेग मोडायचे. सिमेंट रस्ता झाला, पेव्हर ब्लॉक बसले, चांगलं झालं, चिखल गेला. दुसऱ्याच आठवड्यात पोरं बाईक सुसाट काढायला लागली. मग कुणाच्या तरी घरासमोर रात्रीतून मातीचा उंचवटा येतो, नाहीतर जुना दोरखंड आडवा टाकला जातो. लोक याला अडाणीपणा म्हणतात. मी त्याला डेल्फ्ट म्हणतो. गल्लीतल्या माणसानं स्वतःच्या अंगणाचा वेग स्वतः ठरवलाय, फक्त त्याला इंजिनिअर मिळाला नाही. इंजिनिअर असता तर त्यानं कंबर मोडणाऱ्या उंचवट्याऐवजी गल्लीच्या तोंडाशी दोन खांब सुचवले असते, ज्यातून सायकल, बाळाची गाडी आणि म्हातारा माणूस जाईल, पण शॉर्टकट मारणारी जीप नाही. ट्रॅक्टर ज्यांच्या दारात जायलाच हवा त्यांच्यासाठी दुसरं तोंड उघडं. एवढंच.

ग्रामसभेत ग्रामपंचायत विकास आराखडा वाचून दाखवतात तेव्हा एकदा नीट ऐका. कामांची नावं कशी असतात? 'अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत सिमेंट रस्ता.' पुण्याच्या आराखड्यात असं लिहिलेलं मी पाहिलं नाही, तिथे चौकापासून चौकापर्यंत असतं. आपल्याकडे अजून घरापासून घरापर्यंत लिहितात. त्याच्यापुढे लांबी असते, रुंदी असते, रक्कम असते. वेगाचा रकाना अजून कुणी आखलेला नाही. पुढच्या ग्रामसभेत तुमच्या गल्लीचं नाव आलं, तर हात वर करून तेवढं विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते व्हॉइस नोटनं पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.