आभासी यंत्रांतर्गत आभासी यंत्र

एकाच संगणकाचा प्रोसेसर व स्मृती विभागून अनेक स्वतंत्र संगणकांचा भास निर्माण करणाऱ्या प्रणालीस हायपरव्हायजर आणि अशा भासमान संगणकास आभासी यंत्र म्हणतात. आभासी यंत्रातच दुसरा हायपरव्हायजर चालवून त्याच्याकरवी आणखी आभासी यंत्रे निर्माण केल्यास त्या रचनेला ‘नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन’ असे नाव आहे. तीत यजमान हायपरव्हायजर, अतिथी हायपरव्हायजर व अंतिम अतिथी असे तीन स्तर असतात. बेरीज-वजाबाकीसारखे सामान्य आदेश प्रोसेसर थेट पार पाडतो. यंत्राच्या नियंत्रणाशी निगडित आदेश मात्र अडवून हायपरव्हायजरकडे सोपवावे लागतात. अडविलेल्या आदेशाची दखल कोणत्या स्तराने घ्यावयाची, हा या रचनेतील मूळ प्रश्न होय.

इतिहास : आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्यूसेट्स) येथील केंद्रात १९६७ मध्ये सीपी-४० ही प्रणाली कार्यान्वित झाली. तिच्यानंतरच्या सीपी-६७ प्रणालीत बदल करून, आभासी स्मृतीची सोय असलेले सिस्टिम/३७० यंत्र हाती येण्यापूर्वीच त्याचे आभासी रूप उभे करण्यात आले आणि त्या यंत्रासाठीची नियंत्रक प्रणाली त्यात चालवून पाहण्यात आली. व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये या विषयाला सैद्धांतिक बैठक दिली. यंत्राच्या नियंत्रणावर परिणाम करणारा वा त्यावर अवलंबून असणारा प्रत्येक आदेश सामान्य कार्यक्रमाने दिल्यास अडविला गेला पाहिजे, ही त्यांची अट होती. हायपरव्हायजर कालमापनावर अवलंबून नसेल, तर अशा यंत्रावर एकात एक रचनाही शक्य ठरते, असे त्यांनी दाखविले.

इंटेलचे एक्स-८६ प्रोसेसर या अटीत बसत नव्हते. उदा., व्यत्ययसूचना स्वीकारण्याची खूण बदलू पाहणारा पॉपएफ हा आदेश सामान्य कार्यक्रमाने दिल्यास अडविला जात नसे. बदल केवळ दुर्लक्षिला जाई. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये असे आदेश चालू स्थितीतच भाषांतरित करून ही अडचण दूर केली. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केली.

कार्यपद्धती : इंटेलच्या या सोयीत यजमानासाठी एक व अतिथीसाठी एक अशा दोनच अवस्था असतात. त्यामुळे अंतिम अतिथीचा अडविलेला आदेश प्रथम यजमानाकडेच येतो. उदा., प्रोसेसरची माहिती विचारणारा सीपीयूआयडी आदेश नेहमीच अडविला जातो. यजमान त्याची नोंद अतिथी हायपरव्हायजरच्या नियंत्रणतक्त्यात करतो व जणू प्रोसेसरनेच सूचना दिली अशा रीतीने त्याला जागे करतो. तो तक्ता वाचताना वा बदलताना अतिथी हायपरव्हायजर जे आदेश देतो तेही अडविले जातात. परिणामी अंतिम अतिथीच्या एका आदेशापोटी अनेकदा यजमानाकडे जावे लागते व वेळ वाढतो. अंतिम अतिथीला पुन्हा सुरू करताना यजमान स्वतःचा व अतिथी हायपरव्हायजरचा असे दोन तक्ते मिळून तिसरा तयार करतो. अतिथी हायपरव्हायजरने मागितलेला अधिकार जसाच्या तसा दिल्यास इतरांची स्मृती उघडी पडण्याचा धोका असतो; म्हणून या वेळी प्रत्येक मागणी तपासावी लागते.

आयबीएमच्या हैफा येथील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या ‘टर्टल्स’ या प्रकल्पाचा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतीचे तीन टप्प्यांचे पत्ता-रूपांतर दोन टप्प्यांत आणून व तक्त्यांवरील क्रियांचा खर्च कमी करून, नेहमीच्या कामांत एकस्तरीय रचनेच्या तुलनेने वेगातील घट ६ ते ८ टक्क्यांवर आणता येते, असे त्यात दिसून आले. इंटेलने २०१३ पासून तक्त्याची छायाप्रत ठेवण्याची सोय प्रोसेसरमध्ये दिली. त्यामुळे तक्ता वाचण्याचे व लिहिण्याचे बहुतेक आदेश अडविण्याची गरज उरली नाही. अंतिम अतिथीला सुरू करणारा आदेश मात्र यजमानाकडेच जातो.

भाड्याने घेतलेल्या दूरस्थ संगणकावर ग्राहकाला स्वतःचा हायपरव्हायजर चालविता येणे, तसेच नव्या हायपरव्हायजरची चाचणी वेगळ्या यंत्राविना घेता येणे, हे या रचनेचे प्रमुख उपयोग आहेत.