कातड्यातला पीळ

माणूस उठतो, बसतो, जिना चढतो आणि गुडघा आपले काम मुकाट्याने करीत राहतो. तो कुरकुरू लागला म्हणजेच त्याची आठवण होते. मांडीचे आणि नडगीचे हाड जेथे एकमेकांस भेटते, तेथे दोहोंच्या टोकांवर कूर्चेचा एक गुळगुळीत थर असतो. त्याची जाडी बहुधा दोन ते चार मिलिमीटर. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो, आणि तो हा थर वर्षानुवर्षे सोसतो. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. त्याच्या वजनाचा सुमारे पाऊण हिस्सा तर नुसते पाणीच. असा पाणीदार पदार्थ चिरडून का जात नाही? श्रोतेहो, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा धागा मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, सापडला. आणि तोही कातडी कमावण्याच्या विद्येच्या शेजारी.

१९५२ साली जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्रमुख म्हणून आले. त्या वेळी त्यांनी वयाची तिशीही ओलांडली नव्हती. इंग्लंडचे शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असता त्यांनी कोलॅजनच्या रचनेचे कोडे अजून सुटले नसल्याचे त्यांना सांगितले. कातडे, कंडरा, हाडे आणि कूर्चा यांना बळकटी देणारे हे प्रथिन. अमेरिकेतील लायनस पॉलिंग यांनी १९५१ साली त्याची एक रचना सुचविली होती. पण ती टिकली नाही.

केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ साली स्थापन झाली होती, आणि ती विद्यापीठाच्या गिंडी येथील प्रयोगशाळेपासून जवळच होती. कातडी कमावणे म्हणजे कोलॅजनचे तंतू एकमेकांशी असे जखडणे, की ते कुजू नयेत. ज्या धंद्याला आणि तो करणाऱ्यांना समाजाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, त्या धंद्याच्या अभ्यासकांपाशी या प्रथिनाचे ज्ञान आणि नमुने दोन्ही होते. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी त्यांचा लाभ घेतला. क्ष-किरणांची स्पष्ट चित्रे मिळाली ती कांगारूच्या शेपटीतील कंडरेपासून.

१९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी तीन साखळ्यांची रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती सुधारली. सुंभाचा दोर वळणाऱ्यास तिचे मर्म चटकन कळेल. तो एकेक पेड एका दिशेस पिळतो आणि सारे पेड मिळून उलट दिशेस वळतो. म्हणून ताण पडला तरी पीळ सुटत नाही. कोलॅजनची प्रत्येक साखळी डावीकडे पिळलेली असते आणि तिन्ही मिळून उजवीकडे वळलेल्या असतात. साखळीतील दर तिसरी जागा ग्लायसीन या सर्वांत लहान अमिनो आम्लाची असते, कारण दोराच्या गाभ्यात दुसऱ्या कशासही जागाच नाही.

केंब्रिजहून अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी आक्षेप घेतला: या रचनेत काही अणू वाजवीपेक्षा जवळ येतात. साखळ्यांमधील हायड्रोजन बंध किती, या मुद्द्यावर पुढे त्यांचेच म्हणणे खरे ठरले. तिपेडी पीळ मात्र कायम राहिला. त्या आक्षेपातूनच रामचंद्रन यांनी अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, याचा कसून शोध घेतला. १९६३ साली रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह प्रसिद्ध केलेला त्यांचा आलेख आजही जगभर प्रथिनांची रचना पारखण्यासाठी वापरला जातो. वादाचे याहून चांगले फळ क्वचितच दिसते.

आता पुन्हा गुडघ्याकडे वळू. कूर्चेतील कोलॅजनचा प्रकार कातड्यातल्याहून निराळा आहे, हे १९६९ साली कळले. घडण मात्र तीच, तिपेडी. या दोरांच्या जाळ्यात ऋणभारित रेणू कोंडलेले असतात. ते पाणी ओढून घेतात आणि फुगू पाहतात. जाळे त्यांना फुगू देत नाही. भार पडला की तो प्रथम या कोंडलेल्या पाण्यावर येतो. बारीक वाटांतून पाणी चटकन निसटू शकत नाही, म्हणून तेच भार तोलून धरते. भार उतरला की बाहेर गेलेले पाणी परत येते. दोर ताण सोसतो आणि पाणी दाब. दोर तुटू लागले की पाणी आवरत नाही, कूर्चा सैल पडते आणि झिजू लागते.

ही झीज सहसा भरून येत नाही. कूर्चेचे व्रण बरे होत नाहीत, असे लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच नोंदविले होते. प्रौढ माणसाच्या गुडघ्याच्या कूर्चेतील कोलॅजन जवळजवळ नव्याने तयार होतच नाही, असे २०१६ साली किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीवरून दिसून आले. तारुण्यात वळलेला दोर माणसाला जन्मभर पुरवावा लागतो.

सरकारी कामकाजात वावरणाऱ्या माझ्यासारख्यास या कथेत एक गोष्ट विशेष वाटते. चर्मोद्योगासाठी उभारलेली संस्था आणि विद्यापीठाची नवी प्रयोगशाळा यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट मोकळी होती. नमुने मागितले आणि ते मिळाले. चेन्नईच्या त्या चर्म संस्थेतील सभागृहाला ‘ट्रिपल हेलिक्स’, म्हणजे तिपेडी पीळ, असे नाव दिलेले आहे.