कॅरॅव्हॅनचा सर्ज संरक्षक

कॅरॅव्हॅनचा सर्ज संरक्षक हे कॅरॅव्हॅन, कॅम्पर व्हॅन किंवा मोटरहोम बाहेरच्या वीजपुरवठ्याला जोडताना मध्ये बसवले जाणारे संरक्षक उपकरण आहे. विद्युतदाबात काही मायक्रोसेकंदांपुरती येणारी उसळी (सर्ज) शोषून वाहनातील बॅटरी चार्जर, इन्व्हर्टर, वातानुकूलन यंत्र व शीतकपाट यांचे रक्षण करणे हे त्याचे काम होय. या नावाखाली दोन भिन्न प्रकारची उपकरणे विकली जातात. एक केवळ उसळी शोषते. दुसरे दाब, फेज-न्यूट्रलचा क्रम आणि अर्थिंग सतत तपासून दोष आढळताच जोडणी तोडते. वाहन घरी जोडून ठेवायचे असल्यास हा भेद निर्णायक ठरतो, कारण निवासी इमारतीत वाहनाला आणि माणसाला असणारा मोठा धोका क्षणिक उसळीचा नसून तुटलेल्या न्यूट्रलचा व नसलेल्या अर्थिंगचा असतो.

== पार्श्वभूमी ==

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. तथापि वीजजोडणीची सोय असलेले वाहनतळ अद्याप मोजकेच असल्याने खासगी कॅरॅव्हॅन वर्षातील बहुतेक दिवस मालकाच्या घरीच उभी असते. या काळात आतील बॅटरी उतरू नये म्हणून वाहन आठवडेच्या आठवडे घरच्या विजेला जोडलेले राहते आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. सहलीवर दोन रात्री जोडलेल्या वाहनापेक्षा असे वाहन पुरवठ्यातील दोषांना कितीतरी अधिक काळ सामोरे जाते.

== कार्यपद्धती ==

उपकरणातील मुख्य घटक म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. ही प्रामुख्याने झिंक ऑक्साइडची भाजलेली चकती असते. ठरावीक दाबापर्यंत ती जवळजवळ विद्युतरोधक राहते. दाब त्यापुढे गेला की एकाएकी वाहक बनून जादा प्रवाह न्यूट्रलकडे किंवा अर्थकडे वळवते. जपानमधील मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा घटक विकसित केला. भारतातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पुरवठ्यासाठी सहसा २७५ किंवा ३२० व्होल्ट सतत सहन करणारी चकती वापरतात. २७५ व्होल्टची चकती उसळी सुमारे ७०० व्होल्टवर अडवते. म्हणजे उसळीचा काही भाग वाहनापर्यंत पोहोचतोच. प्रत्येक मोठ्या उसळीनिशी चकती थोडी झिजते. म्हणून चांगल्या उपकरणावर तिची स्थिती दाखवणारा दिवा किंवा खिडकी असते. तो दिवा विझल्यानंतरही वीज पूर्ववत चालू राहू शकते आणि संरक्षण संपल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आयईसी ६१६४३ या मानकमालिकेनुसार सर्ज संरक्षकांचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार वीजवाहक असलेल्या इमारतीच्या मुख्य पॅनेलवर, दुसरा घरातील वितरण पेटीत आणि तिसरा उपकरणाजवळ बसवतात. वाहनाच्या प्लगवर लावला जाणारा संरक्षक बहुधा तिसऱ्या प्रकारचा असतो आणि त्याच्या मागे दुसऱ्या प्रकारचा संरक्षक आहे असे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते. पेटीतील संरक्षकाच्या जोडतारा एकूण अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसाव्यात. तारेच्या प्रत्येक मीटरवर तीव्र उसळीत सुमारे हजार व्होल्टची भर पडू शकते, त्यामुळे महागडा संरक्षकही लांब तारेने जोडल्यास निष्प्रभ होतो.

== तुटलेला न्यूट्रल ==

निवासी इमारतीला सामान्यतः तीन फेज व एक सामाईक न्यूट्रल अशा चार तारांनी पुरवठा होतो आणि सदनिका तिन्ही फेजवर वाटलेल्या असतात. फेज व न्यूट्रल यांमधील दाब २३० व्होल्ट, तर दोन फेजमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. मीटरच्या खोलीत सामाईक न्यूट्रलचा सांधा सैल झाला किंवा जळाला, तर वेगवेगळ्या फेजवरील घरे एकमेकांशी एकसर जोडली जातात आणि ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. अशा वाटपात कमी भार असलेल्या घराच्या वाट्याला अधिक दाब येतो.

दोनच घरांचे सोपे उदाहरण घेतल्यास, एका घरात २,३०० वॅटचा भार (रोध सुमारे २३ ओहम) आणि दुसऱ्या फेजवर केवळ २३० वॅटचा बॅटरी चार्जर (सुमारे २३० ओहम) चालू असेल, तर चार्जरला सुमारे ३६४ व्होल्ट मिळतात. स्वतंत्र जोडणीवर उभी असलेली रिकामी कॅरॅव्हॅन हा नेमका असा हलका भार असतो.

ही स्थिती मायक्रोसेकंदांत संपत नाही. कोणी मुख्य स्विच बंद करीपर्यंत ती टिकते. २७५ व्होल्टची चकती अशा दाबाला प्रत्येक अर्धचक्रात वाहक होते, झपाट्याने तापते आणि फुटते किंवा पेट घेते. संरक्षणासाठी बसवलेले उपकरणच आगीचे कारण ठरू नये म्हणून चकतीला उष्णतेने तुटणारी जोडणी असणे आवश्यक असते. तीही केवळ चकतीला वाचवते, वाहनाला नाही. त्याकरिता दाब सुमारे २७० व्होल्टच्या वर किंवा ठरावीक किमानाखाली जाताच पुरवठा तोडणारा स्वतंत्र कट-ऑफ लागतो. पुरवठा पूर्ववत झाल्यावर तो काही मिनिटे थांबून जोडतो. हा विलंब वातानुकूलन यंत्राच्या कॉम्प्रेसरलाही हितकारक असतो.

== अर्थिंग व वाहनाचा सांगाडा ==

कॅरॅव्हॅन रबरी चाकांवर उभी असल्याने तिचा धातूचा सांगाडा जमिनीपासून विद्युतदृष्ट्या अलग असतो. सॉकेटमध्ये अर्थिंग नसेल आणि आतील एखाद्या उपकरणाचे रोधन बिघडले, तर संपूर्ण सांगाड्यावर २३० व्होल्ट येतात. आतील व्यक्तीला ते जाणवत नाही. ओल्या जमिनीवर उभे राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्यास मात्र प्राणघातक धक्का बसू शकतो. बिघाड नसतानाही चार्जरमधील फिल्टर संधारित्रांमुळे अर्थिंगविना सांगाड्यावर पुरवठ्याच्या निम्म्याच्या जवळपास दाब दिसतो आणि हाताला झिणझिण्या येतात. ‘जरा करंट लागतो’ म्हणून दुर्लक्षिले जाणारे हे लक्षण वस्तुतः अर्थिंग तुटल्याची सूचना असते.

साधा सर्ज संरक्षक यावर काहीही करीत नाही. ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारा आरसीसीबी हेच येथील मुख्य संरक्षण होय. कॅरॅव्हॅन तळांसाठीच्या आयईसी ६०३६४-७-७०८ या मानकात प्रत्येक सॉकेटला असे स्वतंत्र संरक्षण सांगितले आहे. ब्रिटनमध्ये पुरवठादाराच्या न्यूट्रलशी जोडलेले अर्थिंग कॅरॅव्हॅनच्या सांगाड्याला देण्यास २००२ च्या नियमांनी मनाई आहे. न्यूट्रल तुटल्यास त्याच अर्थतारेतून सांगाड्यावर दाब येतो आणि आरसीसीबीही तो रोखू शकत नाही, हे त्यामागील कारण. भारतात अर्थिंगच्या रचनेसाठी आयएस ३०४३ ही संहिता आहे.

== अमेरिकी उपकरणे ==

या विषयावरील बहुतेक माहिती आणि उत्पादने अमेरिकेतील असून ती १२० व्होल्टच्या ३० अँपिअर किंवा १२०/२४० व्होल्टच्या ५० अँपिअर जोडणीसाठी असतात. तेथे घरच्या जोडणीत वारंवार घडणारी चूक म्हणजे कॅरॅव्हॅनच्या ३० अँपिअर सॉकेटला कपडे वाळवण्याच्या यंत्राचे सॉकेट समजून २४० व्होल्ट देणे. असे १२० व्होल्टचे उपकरण भारतात प्लग बदलून वापरता येत नाही. त्यातील चकत्या २३० व्होल्टला जळतात.

== मीरा-भाईंदरमधील परिस्थिती ==

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर शहरात कॅरॅव्हॅनसदृश वाहने प्रामुख्याने चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅनच्या रूपात दिसतात. काशिमीरा व घोडबंदर परिसरात उभ्या राहणाऱ्या या व्हॅन बहुधा जनरेटरवर चालतात, त्यामुळे त्यांचे प्रश्न वेगळे असतात. शहराच्या वीजवितरणात अदानी इलेक्ट्रिसिटी मुंबई ही प्रमुख कंपनी असून २०१८ पूर्वी हे काम रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरकडे आणि त्यापूर्वी बीएसईएसकडे होते.

खासगी वाहनाच्या दृष्टीने शहराचे दोन भाग पडतात. मीरा रोड व भाईंदर येथील उंच इमारतींत वाहन खालच्या पार्किंगमध्ये, तर मालकाची सदनिका कित्येक मजले वर असते. खिडकीतून सोडलेली वायर किंवा पार्किंगमधील दिव्याच्या सॉकेटला लावलेला एक्स्टेंशन बोर्ड हे दोन्ही मार्ग धोकादायक आहेत. मीटरच्या खोलीतून स्वतंत्र जोडणी घेण्यास गृहनिर्माण संस्थेची संमती लागते. उत्तन, चेणे, वर्सावे यांसारख्या गावठाण भागांत वाहन घराशेजारीच उभे करता येते. तेथे अर्थिंगची जबाबदारी घरमालकावरच येते. वसईची खाडी, समुद्र व मिठागरे यांमुळे हवा खारट व दमट असल्याने सॉकेटच्या पट्ट्या, न्यूट्रलचे सांधे आणि अर्थिंगच्या जोडण्या लवकर गंजतात. त्यामुळे त्यांची तपासणी पावसाळ्यापूर्वी करणे इष्ट असते.

वाहन भाड्याने देण्याचा व्यवसाय असेल आणि त्यासाठी घरगुती मीटरची वीज वापरली, तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ अन्वये तो अनधिकृत वापर ठरू शकतो.

== घरच्या जोडणीची रचना ==

भारतातील घरगुती सॉकेट ६ व १६ अँपिअरची असतात. १६ अँपिअरवर २३० व्होल्टला ३,६८० वॅट मिळतात. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र व दोन हजार वॅटचा गीझर एकत्र चालवल्यास ही मर्यादा गाठली जाते. सुस्थितीतील रचनेत मीटरनंतर क्रमाने दोन ध्रुवांचा एमसीबी, दुसऱ्या प्रकारचा सर्ज संरक्षक, कमी-अधिक दाबाचा कट-ऑफ, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पाण्यापासून सुरक्षित असे निळे औद्योगिक सॉकेट असते. दोन ध्रुवांचा स्विच यासाठी की फेज व न्यूट्रल उलटे जोडले गेले असतील, तर एका ध्रुवाचा स्विच बंद करूनही वाहनातील तारा जिवंत राहतात.

वाहनापर्यंतची केबल तीन तारांची, किमान २.५ चौरस मिलिमीटर छेदाची आणि साधारण २५ मीटरपर्यंत लांब असावी. ती पूर्ण उलगडून वापरावी लागते, कारण गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही आणि रोधन वितळते. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण त्याची यंत्रणा तपासते, अर्थिंग नव्हे. अर्थिंगसाठी स्वतंत्र मापन करावे लागते.

जवळ पडलेल्या विजेची उसळी कोणताही प्लगमधील संरक्षक पूर्णपणे रोखू शकत नाही. मे-जूनमधील मान्सूनपूर्व वादळांत आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच वाहनाची केबल दोन्ही टोकांकडून काढून ठेवतात.