परतलेला देह आणि सुटलेला संबंध

यवतमाळचे संशोधक डॉ. य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके बंदिस्त राहिलेल्या महानुभाव साहित्याचा परिचय अभ्यासकांस करून देण्यात त्याचा वाटा मोठा आहे. या साहित्यातील हरिपाळदेवाची कथा श्रीचक्रधरांच्या चरित्राचा आरंभ म्हणून सुपरिचित आहे. गृहजीवनाची कथा म्हणूनही ती विचारार्ह ठरते.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ या भागात ती येते. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव मरण पावतो. द्वारावतीचे चांगदेव राउळ आपला देह त्यजून त्याच्या प्रेतात प्रवेश करतात. स्मशानातून उठलेला पुरुष घरी येतो व पत्नी कमळाइसेसह पूर्ववत संसार करू लागतो. पुढे द्यूतात हरल्यावर तो तिचे अलंकार मागतो, ती नाकारते. त्याचे मन संसारातून उडते आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो.

लोकसमजुतीतील पिशाचकथेची रचना नेमकी याच्या उलट असते. पिशाचवाचक ‘समंध’ हा शब्द ‘संबंध’ या संस्कृत शब्दापासून आला आहे. देह गेला, तरी घर, धन वा आप्त यांच्याशी असलेला संबंध सुटत नाही, तो समंध. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्यासारख्या लेखकांच्या भयकथांतही जुनी वास्तू मृताला धरून ठेवते. हरिपाळाच्या कथेत देह परततो, परंतु संबंध परतत नाही. म्हणूनच या घरात भय नाही. आहे तो दुरावा.

या दुराव्याचा दोष कमळाइसेकडे जातो काय? याज्ञवल्क्यस्मृतीनुसार दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी व अटकाव या प्रसंगी घेतलेले स्त्रीधन परत करण्यास पती बांधील नसतो. द्यूताचा उल्लेख त्यांत नाही. तेव्हा तिचा नकार हा प्रेमाचा अभाव नसून गृहिणीचा रास्त अधिकार होता, असे मानावयास हरकत नाही. चरित्रग्रंथाचा विषय निघून जाणारा पुरुष असल्याने पुढील कथा त्याच्याबरोबर विदर्भात येते. एकदा वैधव्य आलेली, मग पती लाभलेली आणि पुन्हा त्यास मुकलेली कमळाइसा मात्र भडोचच्या घरातच राहते. परकायाप्रवेशाच्या सत्यासत्यतेचा निर्णय इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु त्या चमत्काराचे मोल घरातील स्त्रीस द्यावे लागले, ही नोंद खुद्द ग्रंथानेच जपून ठेवली आहे.